हेडफोन अ‍ॅम्प घेण्याआधी: घरच्या स्टिरिओसाठी कमी खर्चातली निवड, टप्प्याटप्प्याने

हेडफोन अ‍ॅम्प म्हणजे स्रोत आणि हेडफोन यांच्यामध्ये बसून सिग्नल मोठा करणारं यंत्र. बहुतेक लोक अ‍ॅम्प आधी ठरवतात आणि मग तो कशाला जोडायचा याचा विचार करतात. कुणीतरी नाव सुचवतं, "हजार मिलिवॅट" हा आकडा डोळ्यांत भरतो, ऑर्डर जाते. डबा घरी आल्यावर कळतं की यात टेपडेकची लाल-पांढरी पिन घुसवायला जागाच नाही, किंवा नॉब जरासा फिरवला की कान फाटतात. योग्य क्रम याच्या उलटा आहे: आधी हेडफोन, मग घरातलं यंत्र, आणि सगळ्यात शेवटी अ‍ॅम्प. हा क्रम पाळला तर निम्म्या लोकांना अ‍ॅम्प लागतच नाही, आणि उरलेल्यांना लागतो तो त्यांच्या कल्पनेपेक्षा स्वस्त असतो.

हाताशी असू द्या: हेडफोनचा खोका किंवा कंपनीचं माहितीपत्रक, फोनमधला साधा कॅल्क्युलेटर, स्टिरिओच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि जमल्यास एक मल्टीमीटर.

## टप्पा १: तक्रार नेमकी काय आहे ते ठरवा

अ‍ॅम्प तीनच गोष्टी सुधारतो. आवाज पुरेसा मोठा होत नसेल तर तो वाढवतो. सध्याच्या जॅकमुळे खालचे स्वर फुगत असतील तर ते जागेवर आणतो. सध्याच्या जॅकमधून सू किंवा घूं असा आवाज येत असेल तर तो कमी करू शकतो, पण त्याचं कारण जॅकमध्येच असेल तरच.

"आवाजात जान नाही", "गायकाचा आवाज मागे राहतो", "वरचे स्वर टोचतात" या तक्रारी जवळजवळ नेहमी हेडफोनच्या असतात. त्यासाठी अ‍ॅम्पवर पैसे घालू नका. तेच पैसे बाजूला ठेवून पुढे चांगला हेडफोन घ्या. कानावरच्या गाद्या झिजून चपट्या झाल्या असतील तर आधी त्या बदला. बंद पाठीच्या हेडफोनात तेवढ्यानेही खालचे स्वर परत येतात.

तपासणी: सध्याच्या जॅकवर व्हॉल्यूम किती ठेवावा लागतो? अर्ध्यावरच पुरेसं ऐकू येत असेल आणि मागे आवाज शांत असेल, तर आधी टप्पा ४ करा. तिथेही दोष सापडला नाही तर अ‍ॅम्पचा विषय सोडून द्या.

## टप्पा २: हेडफोनला किती व्होल्ट लागतात ते काढा

हा टप्पा लोक सर्वांत जास्त टाळतात, आणि निवड चुकते ती इथेच.

खोक्यावर दोन आकडे शोधा: इम्पिडन्स (विजेच्या सिग्नलला होणारा अडथळा, ओहममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (दिलेल्या सिग्नलला हेडफोन किती मोठा वाजतो ते, डेसिबलमध्ये). सेन्सिटिव्हिटीच्या पुढे "एका मिलिवॅटला" लिहिलंय की "एका व्होल्टला", ते नीट वाचा. ३०० ओहमच्या हेडफोनात या दोन पद्धतींत साधारण ५ डेसिबलचा फरक पडतो, ३२ ओहमच्या हेडफोनात तब्बल १५ चा. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी थेट ताडून पाहणारे इथे हमखास फसतात.

आता लक्ष्य. संगीतात सर्वांत जोरकस क्षणाला ११० डेसिबलची सोय असली की झालं. हा आकडा क्षणिक उसळीसाठी आहे, सतत ऐकण्यासाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, सरासरी ८० डेसिबल, असा आहे.

हिशोब सोपा आहे. दर १० डेसिबलला शक्ती दहापट लागते, दर ३ डेसिबलला दुप्पट. बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रोचा २५० ओहमचा प्रकार घ्या: एका मिलिवॅटला ९६ डेसिबल. ११० पर्यंत जायला १४ डेसिबल कमी पडतात. त्यातल्या १० साठी दहापट, पुढच्या ३ साठी त्याची दुप्पट, म्हणजे वीस, आणि उरलेल्या एकासाठी सव्वापट. झाले २५ मिलिवॅट. आता मिलिवॅटचे वॅट करा (०.०२५), ओहमने गुणा (६.२५) आणि वर्गमूळ घ्या: २.५ व्होल्ट.

याच रीतीने आणखी तीन उदाहरणं:

- सेनहायझर एचडी ६०० (३०० ओहम, ९७ डेसिबल): २० मिलिवॅट, सुमारे २.४५ व्होल्ट.
- ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स (३८ ओहम, ९९ डेसिबल): साडेबारा मिलिवॅट, सुमारे ०.७ व्होल्ट.
- हायफायमॅन एचई४००एसई (२५ ओहम, ९१ डेसिबल): जवळपास ८० मिलिवॅट, सुमारे १.४ व्होल्ट.

शेवटचं उदाहरण बारकाईने बघा. ओहम सर्वांत कमी, तरी मिलिवॅट सर्वांत जास्त. "ओहम कमी म्हणजे चालवायला सोपा" हा समज या प्लेनर जातीच्या (आत सपाट पडदा हलणाऱ्या) हेडफोनांनी खोटा ठरवलाय. त्यांना व्होल्ट बेताचे पण करंट भरपूर लागतो; एचई४००एसईला सुमारे ५६ मिलिअँपिअर, तर एचडी ६०० ला जेमतेम ८.

सावधान: लक्ष्य ११० वरून १२० केलंत तर शक्ती दहापट लागते आणि अ‍ॅम्पचं बजेट उगाच फुगतं. शांत खोलीत बसून ऐकणाऱ्याला १०५ सुद्धा पुरतात.

## टप्पा ३: स्टिरिओच्या पाठीमागे काय आहे ते वाचा

मघाचा फोटो मोठा करून बघा. अ‍ॅम्पला सिग्नल कुठून द्यायचा, ते इथे ठरतं.

टेप आउट किंवा रेक आउट दिसलं तर उत्तम. इथून सिग्नल ठरावीक पातळीवर येतो, मुख्य व्हॉल्यूमचा त्यावर परिणाम होत नाही. हेडफोनचा आवाज अ‍ॅम्पच्या नॉबने, स्पीकरचा स्टिरिओच्या.

प्री आउट असेल तर तेही चालतं, मात्र तिथे मुख्य व्हॉल्यूम लागू होतो. रिमोटने आवाज कमी-जास्त करता येतो हा फायदा. पण तेवढा वेळ स्पीकर बंद ठेवायला स्पीकर ए/बीचं बटण हवं, नाहीतर रात्री अकरा वाजता हेडफोन लावूनही शेजारी तुमच्याबरोबर गाणं ऐकतील.

फक्त स्पीकरचे टर्मिनल आणि पुढचा हेडफोन जॅक असेल तर सिग्नल स्टिरिओमधून घेऊ नका. सीडी प्लेअर, डेक किंवा जो काही स्रोत असेल त्यातून थेट अ‍ॅम्पला जोडा.

टीव्ही: नव्या टीव्हींवर बऱ्याचदा फक्त ऑप्टिकल आउटपुट असतं. ते डिजिटल असल्यामुळे साध्या अ‍ॅम्पला चालत नाही. डॅक (डिजिटल सिग्नल साध्या अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये बदलणारं यंत्र) लागतो, किंवा ऑप्टिकल इनपुट असलेला डॅक-अ‍ॅम्प. टीव्हीच्या मेनूत डिजिटल आउटपुट "पीसीएम" करायला विसरू नका. ते डॉल्बीवर राहिलं तर दोन चॅनेलच्या डॅकमधून आवाज येणार नाही किंवा नुसती खरखर येईल, आणि तुम्ही चांगलं यंत्र खराब म्हणून परत पाठवाल.

टर्नटेबल: आत फोनो स्टेज (सुईचा बारीक सिग्नल वाढवून स्वर पूर्ववत करणारं सर्किट) असेल तरच थेट. नसेल तर सुईच्या काडतुसातून (कार्ट्रिजमधून) निघणारे सुमारे ५ मिलिव्होल्ट हेडफोन अ‍ॅम्पला पुरत नाहीत, आणि रेकॉर्ड कापताना केलेली स्वरांची तडजोडही तशीच राहते. टर्नटेबल, मग फोनो स्टेज, मग अ‍ॅम्प, हाच क्रम.

तपासणी: स्रोताचा आकडा लिहून ठेवा. सीडी प्लेअर आणि बहुतेक डॅक पूर्ण आवाजाला २ व्होल्ट देतात. फोनो स्टेजमधून बहुधा अर्ध्या व्होल्टच्या आसपासच मिळतं. टप्पा ५ मध्ये हा आकडा लागणार आहे.

सावधान: स्पीकरच्या टर्मिनलवरून जुगाडाची वायर काढून हेडफोनला जोडू नका. हेडफोन जळू शकतो. शिवाय हल्लीच्या अनेक डिजिटल अ‍ॅम्पमध्ये दोन्ही काळे टर्मिनल ग्राउंड नसतात. ते हेडफोनच्या पिनेत एकत्र आले की अ‍ॅम्पही जातो.

## टप्पा ४: असलेला जॅक मोजा

जुन्या रिसीव्हरांत हेडफोनसाठी वेगळं सर्किट क्वचितच असतं. स्पीकरचाच सिग्नल काहीशे ओहमच्या रेझिस्टरमधून पुढच्या जॅकला दिलेला असतो. त्यामुळे जॅकचा स्वतःचा इम्पिडन्स मोठा होतो. डायनॅमिक (म्हणजे नेहमीच्या, प्लेनर नसलेल्या) हेडफोनचा इम्पिडन्स मात्र सगळ्या स्वरांना सारखा नसतो. खालच्या सुरांत, १०० हर्ट्झच्या आसपास, तो उंच चढतो. एचडी ६०० चा पाचशेच्या वर जातो. जॅकचा इम्पिडन्स मोठा असेल तर नेमका तेवढाच पट्टा जोरात वाजतो. तबल्याचा डग्गा घुमतो आणि गायकाचा खर्ज जाड होतो.

किती? १२० ओहमच्या जॅकवर एचडी ६०० मध्ये हा फुगवटा एक डेसिबलच्या आसपास, म्हणजे फार लक्षातही येणार नाही. पण हेडफोन नावाला ३२ ओहमचा आणि त्या पट्ट्यात ६० ला जाणारा असेल तर तोच फुगवटा चार डेसिबल होतो. ते कुणालाही कळेल.

मोजायची रीत अशी. ३३ ओहमचा पाव वॅटचा एक रेझिस्टर घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत किरकोळीत मिळतो. फोनमधल्या टोन जनरेटर अ‍ॅपवरून २०० हर्ट्झचा टोन स्टिरिओत सोडा. जॅकमध्ये एक जुनी, टोकं उघडी केलेली वायर लावा. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून पिनेचं टोक आणि तिची बुडाकडची बाही यांच्यामध्ये मोजा, आणि व्हॉल्यूम अर्ध्या व्होल्टवर आणा. मग व्हॉल्यूमला हात न लावता त्याच दोन टोकांना रेझिस्टर जोडून पुन्हा मोजा.

पहिला आकडा भागिले दुसरा, वजा एक, गुणिले ३३: हा तुमच्या जॅकचा इम्पिडन्स. ०.५० चे ०.११ झाले तर ११७ ओहम. ०.५० चे ०.४९ झाले तर एक ओहमहूनही कमी. असा जॅक असेल आणि आवाजही पुरत असेल तर खरेदी इथेच थांबवा.

सावधान: बाजारातल्या सर्वांत स्वस्त पिवळ्या मीटरमध्ये एसीची सर्वांत लहान रेंज २०० व्होल्टची असते. त्यावर ०.५ आणि ०.४ एवढंच दिसेल, हिशोब निरर्थक होईल. २ व्होल्टची एसी रेंज किंवा ऑटो रेंज असलेला मीटर शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून तासाभरासाठी मागून घ्या. आणि उघडी टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका.

निकष: जॅकचा इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाच्या आत हवा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ पर्यंत, ३०० ओहमच्या हेडफोनला ३७ पर्यंत. प्लेनर हेडफोनांचा इम्पिडन्स सगळीकडे जवळपास सपाट असतो, त्यांना हा नियम फारसा लागू नाही.

## टप्पा ५: अ‍ॅम्पच्या जाहिरातीतले कामाचे आकडे

आता कुठे अ‍ॅम्पकडे वळायचं.

शक्ती तुमच्या ओहमला किती. जाहिरातीत ठळक आकडा बहुधा ३२ ओहमचा असतो. "३२ ओहमला ६० मिलिवॅट" म्हणजे सुमारे १.४ व्होल्ट. तेवढ्याच व्होल्टवर ३०० ओहमला जेमतेम साडेसहा मिलिवॅट मिळतात, म्हणजे एचडी ६०० वर १०५ डेसिबल. टप्पा २ मधला तुमचा व्होल्टचा आकडा अ‍ॅम्पच्या व्होल्टशी ताडून बघा, मिलिवॅट मिलिवॅटशी नको. कमी ओहमचा प्लेनर असेल तेव्हा मात्र ३२ ओहमचे मिलिवॅटच बघा, कारण तिथे करंट कमी पडतो.

गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो. लागणारे व्होल्ट भागिले स्रोताचे व्होल्ट. सीडी प्लेअर २ देतो, डीटी ९९० ला २.५ हवेत: सव्वापट गेन पुरे. तोच हेडफोन अर्ध्या व्होल्टच्या फोनो स्टेजवर लावला तर पाचपट हवा. म्हणून टर्नटेबलवाल्यांनी हाय-लो गेनचं बटण असलेलाच अ‍ॅम्प घ्यावा. सीडीवाल्यांना जास्त गेन त्रासदायकच. नॉब तळाशी ठेवावा लागतो आणि स्वस्त नॉबमध्ये तिथेच डावा-उजवा कान सारखा वाजत नाही.

आउटपुट इम्पिडन्स. दोन ओहमच्या आत असेल तर पुढचं वाचूच नका. आकडा दिलाच नसेल तर तो अ‍ॅम्प यादीतून काढा.

इनपुट. इथे फार जण घसरतात. फिओ के११ मध्ये यूएसबी, ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्शियल इनपुट आहेत. मागच्या लाल-पांढऱ्या पिना आउटपुटच्या आहेत. डेक किंवा टर्नटेबल त्याला जोडता येत नाही. त्याच कंपनीच्या के७ मध्ये आरसीए, म्हणजे लाल-पांढऱ्या पिनांचं, इनपुट आहे. उलट जेडीएस लॅब्जचा अ‍ॅटम अ‍ॅम्प किंवा शीटचा मॅग्नी हे मुळात अ‍ॅनालॉग आहेत, त्यांना टीव्हीचं ऑप्टिकल चालणार नाही. टप्पा ३ मध्ये जे लिहून ठेवलंत ते इथे समोर धरा.

विकृतीच्या (डिस्टॉर्शनच्या) आकड्यात दशांशानंतर किती शून्यं आहेत, यावर पैसे वाढवू नका. आज बऱ्या कंपनीच्या कुठल्याही अ‍ॅम्पमध्ये ती कानाच्या पलीकडे आहे. ४.४ मिलिमीटरचं बॅलन्स्ड (प्रत्येक कानाला स्वतंत्र दोन तारांचं) आउटपुटही घरात दीड मीटर वायरवर ऐकणाऱ्याला फक्त जास्त शक्ती देतं, आणि ती लागत नसेल तर त्याचा उपयोग नाही.

सावधान: बॅलन्स्ड जॅकमध्ये साध्या तीन-कड्यांच्या पिनेचा हेडफोन अ‍ॅडॉप्टर लावून घुसवू नका. दोन्ही बाजूंचे ऋण टोक एकमेकांना जोडले जाऊन अ‍ॅम्प जळू शकतो. उलट दिशेचा अ‍ॅडॉप्टर, म्हणजे बॅलन्स्ड वायरचा हेडफोन साध्या जॅकला, चालतो.

## टप्पा ६: पैसे कुठे घालायचे

लागणारे व्होल्ट एकाच्या आत असतील आणि स्रोत फोन किंवा लॅपटॉप असेल तर हजार-दोन हजारांचा यूएसबी डोंगल (पोर्टला लावायचा छोटा डॅक-अ‍ॅम्प) घ्या. खोटं वाटेल, पण १ व्होल्टचा डोंगल एचडी ६०० ला सुद्धा १०२ डेसिबलपर्यंत नेतो. रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला तेवढ्यात सगळं मिळालं.

स्रोत अ‍ॅनालॉगच असेल तर निव्वळ अ‍ॅम्प घ्या. डॅकचे पैसे वाया जातात. टीव्ही आणि लॅपटॉप दोन्ही जोडायचे असतील तर एकत्र डॅक-अ‍ॅम्प स्वस्त पडतो. अ‍ॅम्पची किंमत हेडफोनच्या किमतीच्या वर जात असेल तर थांबा. अवघड प्लेनर सोडले तर तसं करण्याचं कारण मला सापडत नाही.

बजेटमध्ये आरसीए वायर, साडेतीन मिलिमीटरची पिन मोठ्या जॅकला लावायचा अ‍ॅडॉप्टर आणि बाहेरून मागवत असाल तर कस्टम ड्युटी व जीएसटी आधीच धरा. वायर साधीच घ्या, मात्र पिन घट्ट बसणारी.

सावधान: अमेरिकेहून येणाऱ्या मामेभावाला अ‍ॅम्प आणायला सांगत असाल तर अ‍ॅडॉप्टरबद्दल आधी विचारा. अ‍ॅटम आणि मॅग्नी यांच्यासोबत तिकडे १२० व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर येतो. आपल्या २३० वर तो जळतो. त्यातून निघणारा करंटही एसीच असतो, त्यामुळे घरात पडलेला राउटरचा डीसी अ‍ॅडॉप्टर लावून चालत नाही, पिन तंतोतंत बसली तरी. २३० व्होल्टचा, लिहिल्याप्रमाणे एसी आउटपुटचाच अ‍ॅडॉप्टर मागवा.

## टप्पा ७: जोडणी, याच क्रमाने

१. सगळं बंद. स्विच बोर्डवरूनही.

२. स्रोताच्या आउटपुटपासून अ‍ॅम्पच्या इनपुटपर्यंत आरसीए. लाल उजवीकडे.

३. अ‍ॅम्पचा नॉब शून्यावर, गेन लो.

४. आधी स्रोत सुरू, मग अ‍ॅम्प. हेडफोन अजून लावायचा नाही. सुरू होताना बसणारा धप्प असा झटका हेडफोनला लागू नये.

५. दहा सेकंदांनी हेडफोनची पिन घाला, पण हेडफोन कानावर घेऊ नका. गाणं लावून नॉब हळूहळू वाढवा, मगच डोक्यावर चढवा.

बंद करताना उलटा क्रम: आधी पिन काढा, मग अ‍ॅम्प, मग स्रोत.

## टप्पा ८: परत करण्याची मुदत संपण्याआधीच्या तपासण्या

नॉबची जागा. तुमच्या नेहमीच्या आवाजाला नॉब घड्याळातल्या दहा ते दोनच्या दरम्यान यावा. आठलाच कान भरत असतील तर गेन जास्त आहे. चार वाजूनही कमी पडत असेल तर हाय गेन करून बघा. तरीही नाही तर टप्पा २ चा हिशोब पुन्हा करा.

दोन्ही कान. तानपुऱ्याचं एखादं मोनो रेकॉर्डिंग लावा आणि नॉब अगदी तळापासून हळू वर आणा. सूर मधोमध राहायला हवा. सुरुवातीच्या थोड्या भागात तो एका बाजूला सरकणं स्वस्त नॉबमध्ये चालतं. तुमच्या ऐकण्याच्या जागीही सरकलेला असेल तर परत करा.

घूं आवाज. गाणं थांबवून नेहमीच्या व्हॉल्यूमवर ऐका. ५० किंवा १०० हर्ट्झचा घूं येत असेल तर अ‍ॅम्पला दोष देण्याआधी इनपुटची वायर काढा. वायर काढल्यावर गेला तर ग्राउंड लूप (यंत्रांच्या ग्राउंडच्या जोडण्यांतून तयार झालेला फेरा) आहे. स्टिरिओला केबल टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल तर त्याची गोल कोअ‍ॅक्शियल वायर काढून बघा; आपल्याकडच्या घरांत गुन्हेगार बऱ्याचदा तीच निघते. मग सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तीन पिनेच्या प्लगची अर्थिंगची पिन कापून घूं घालवणारे लोक आहेत. तसलं काही करू नका, यंत्राचा पत्रा जिवंत होऊ शकतो.

जुन्या जॅकशी तुलना. दोन्हींचा आवाज सारखा केल्याशिवाय तुलना करू नका. किंचित मोठा वाजणारा नेहमी "जास्त खुला" वाटतो. टप्पा ४ चीच रीत वापरा: २०० हर्ट्झचा टोन, हेडफोन जोडलेला असताना दोन्ही जॅकवर मीटरवर सारखे व्होल्ट. मीटर हातात नसेल तर घरच्या कुणाला तरी वायरी बदलायला सांगा, आणि कुठला जॅक लावलाय ते त्यांनी सांगू नये. दहापैकी पाच-सहाच वेळा ओळखता आलं, जुन्या जॅकवर आवाजही पुरत होता आणि घूंही नव्हता, तर परतीचं लेबल छापून घ्या.